दोन मिलिमीटरचा प्रश्न

वार्षिक अंकासाठी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिहायचे म्हणजे बँका, सहकार नाहीतर शेअर बाजार, असा एक संकेत आहे. मी लिहिणार आहे भिंतीतल्या फटींविषयी. वाचकांनी हसू नये. याच फटींपायी गेल्या वर्षी आमच्या घरचे सहा हजार रुपये अडकले आणि त्या सहा हजारांत माझ्या पाचव्या सत्राची फी होती.

माझे मामा टाइल्स बसवण्याचे काम करतात. तीस वर्षांचा हात आहे. रविवारी आणि सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जातो. घमेले उचलणे, टाइल्स पुसणे, दोरी धरणे ही माझी कामे. गेल्या वर्षी बेळगावातच एका नव्या कॉफीच्या दुकानाचे काम मिळाले. मालक तरुण होता. त्याने मोबाईलवर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकाचे छायाचित्र दाखवले. पांढऱ्या चकचकीत, आडव्या, विटांसारख्या एकावर एक अर्ध्याने सरकवलेल्या टाइल्स. "मला अगदी अशी भिंत पाहिजे, आणि जॉइंट दिसला नाही पाहिजे." मामांनी मान डोलावली. जॉइंट न दिसण्याचा त्यांच्याकडे एकच उपाय होता, पेपर जॉइंट. म्हणजे टाइलला टाइल भिडवून बसवायची, मध्ये कागदाएवढी फट.

पाचव्या ओळीपर्यंत सगळे ठीक होते. पुढे उभे सांधे डावी-उजवीकडे डुलू लागले. ओळंबा सरळ होता, लेव्हल बरोबर होती, पण एक ओळ सोडून पुढच्या ओळीत जो सांधा बरोबर डोक्यावर यायला हवा तो कुठे चार मिलिमीटर अलीकडे, कुठे सहा मिलिमीटर पलीकडे. त्यात मालकाने ऐन वेळी गडद राखाडी ग्राउट आणून दिले. पांढऱ्यावर काळी रेघ ओढली की वेडीवाकडी अक्षरे लपत नाहीत. बारा हजारांची मजुरी ठरली होती, सहा हजार हातात पडले. मामा म्हणाले, माल खराब. मालक म्हणाला, कारागीर खराब. आमच्याबरोबर काम करणारा बसवराज नावाचा कन्नड मुलगा बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "संदु सण्णदु, सिट्टु दोड्डदु." फट लहान, राग मोठा. (कन्नडमधला 'संदु' आणि आपला 'सांधा' कानाला तरी सख्खे भाऊ वाटतात.)

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता थेट न्यूयॉर्कला पोचलो.

तिथली भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. सिटी हॉलपासून ब्रॉडवेवरच्या १४५ व्या रस्त्यापर्यंत २८ स्थानके. स्थानकांच्या अंतर्भागाचे काम जॉर्ज हाइन्स आणि ख्रिस्तोफर ग्रँट लाफार्ज या वास्तुशिल्पींकडे होते. जमिनीखाली उजेड कमी, माणसांची गर्दी, धूळ आणि ओल. त्यावर त्यांनी तीन इंच बाय सहा इंचांच्या पांढऱ्या, झिलई दिलेल्या टाइल्स लावल्या. दिव्याचा उजेड भिंतीवरून परत फिरावा आणि भिंत ओल्या फडक्याने पुसता यावी, असे दुहेरी काम त्या करीत. स्थानकांची नावे आणि चित्रे मात्र रंगीत. अ‍ॅस्टर प्लेस स्थानकात बीव्हर या प्राण्याचे चित्रफलक आहेत, कारण अ‍ॅस्टर घराण्याचा मूळ पैसा फरच्या व्यापारातला. ताळेबंद भिंतीवर लावण्याची ही रीत आम्हा वाणिज्यवाल्यांना आवडण्यासारखी आहे!

आता मुद्दा सांध्याचा. त्या जुन्या टाइल्सचा पृष्ठभाग सपाट, कडा काटकोनी, आणि सांधे फार बारीक, जेमतेम दीड मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणून दुरून भिंत एकसंध दिसते. कॉफीच्या दुकानाच्या मालकाची नजर चुकलेली नव्हती. त्याने जे पाहिले ते खरेच तसे आहे. पण त्या दिसण्यामागे सारख्या मापाची टाइल आणि तिच्या काटकोनी कडा आहेत, आणि छायाचित्रात या गोष्टी दिसत नाहीत. पॅरिसची मेट्रो तर त्याआधी चार वर्षे, १९०० साली सुरू झाली. तिथल्या पांढऱ्या टाइल्सच्या चारही कडा उतरत्या आहेत, त्यामुळे प्रत्येक टाइलवर उजेड तुटतो आणि सांधा त्या उतारात हरवतो. बाजारात दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात आणि एकच सांधा दोन्हींना शोभत नाही.

मुळात सांधा हवाच कशाला? भट्टीतून निघालेल्या दोन टाइल्स अगदी सारख्या कधीच नसतात. माती भाजताना आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही. हा फरक कुठेतरी मुरवावा लागतो, तो सांध्यात मुरतो. सांधा म्हणजे हिशेबातली 'किरकोळ' ही बाब समजा. ती खातेवहीत ठेवलीच नाही तर पै-पैचा फरक शेवटच्या पानावर एकदम अंगावर येतो. आमच्या भिंतीवर हेच झाले. एका ओळीतल्या टाइल्स खालच्या ओळीतल्या टाइल्सपेक्षा सरासरीने ०.४ मिलिमीटर लांब असल्या, तर वीस टाइल्सनंतर ८ मिलिमीटरचा फरक पडतो. कागदाएवढ्या फटीत आठ मिलिमीटर कुठे लपवणार?

यावर अमेरिकेतल्या टाइलकामाच्या प्रमाणसंहितेत एक सोपा नियम आहे. टाइल्सच्या प्रत्यक्ष मापांत जेवढा फरक असेल त्याच्या निदान तिप्पट सांधा ठेवावा. दुकानातल्या उरलेल्या खोक्यातल्या वीस टाइल्स मी मोजल्या. त्यासाठी विज्ञान शाखेच्या मित्राकडून व्हर्निअर कॅलिपर आणला. सर्वांत लहान १४९.४, सर्वांत मोठी १५०.२. फरक ०.८, त्याची तिप्पट २.४. म्हणजे त्या मालाला अडीच मिलिमीटरच्या आत सांधा ठेवणेच चूक होते. मामांचे 'माल खराब' अर्धे खरे निघाले. पण त्या मालालाही एक योग्य सांधा होता, तो आम्ही दिला नाही.

भाजल्यानंतर ज्यांच्या कडा यंत्रावर घासून एका मापाच्या केलेल्या असतात, त्यांना बाजारात 'रेक्टिफाइड' म्हणतात. त्यांना दीड-दोन मिलिमीटर पुरतात. साच्यातून निघालेल्या साध्या टाइल्सना दोन ते तीन. हाताने केलेल्या वाकड्या-तिकड्या टाइल्सना याहूनही जास्त; त्यांना ती रुंदी शोभतेही.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही, ती पाहूनच कळली. टाइलची कड गोलसर असेल तर मध्ये दीड मिलिमीटरचा स्पेसर घातला तरी डोळ्याला सांधा तीन मिलिमीटरचा दिसतो, कारण दोन्ही बाजूंचे उतार सावली धरतात. म्हणून रुंदी आकड्यावरून ठरवू नये. एका फळीवर सहा-सहा टाइल्स दीड, दोन आणि तीन मिलिमीटरवर मांडाव्यात, त्याच रंगाचे ग्राउट भरावे आणि वाळल्यावर सहा-सात फुटांवरून पाहावे. फळी फुकट जाते, भिंत वाचते.

ग्राउट कोणते, हेही रुंदीवरच ठरते. सुमारे तीन मिलिमीटरपर्यंत बिनवाळूचे ग्राउट वापरतात. त्याहून रुंद सांध्यात ते आकसून तडकते, तिथे वाळूचे लागते. उलट वाळूचे ग्राउट बारीक फटीत शिरत नाही आणि चकचकीत झिलईवर ओरखडे काढते. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी नुसते पांढरे सिमेंट कालवून भरतात. ते स्वस्त खरे, पण स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर फोडणीची हळद आणि तेलाचा धूर बसला की पहिल्या दिवाळीला पांढरे आणि दुसऱ्या दिवाळीला पिवळे. तिथे इपॉक्सी ग्राउट बरे. ते डाग शोषत नाही. मात्र ते महाग, हात चालवावा लागतो भराभर, आणि अगदी केसाएवढ्या फटीत ते नीट भरता येत नाही. रंगाचे म्हणाल तर गडद ग्राउट मळ लपवते आणि चूक दाखवते, पांढरे चूक लपवते आणि मळ दाखवते. न्यूयॉर्कच्या स्थानकात फोडणी देत नाहीत, हे छायाचित्र पाहताना लक्षात ठेवलेले बरे.

आता थोडे आकडे, नाहीतर आमचे प्राध्यापक रागावतील. ७५ बाय १५० मिलिमीटरची टाइल आणि दोन मिलिमीटरचा सांधा धरला तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे साडेएकोणीस मीटर लांबीचा सांधा येतो. बारा चौरस मीटरच्या भिंतीत जवळजवळ २३५ मीटर! ३०० बाय ६०० ची मोठी टाइल तीन मिलिमीटरवर लावली तर चौरस मीटरला पाच मीटरसुद्धा भरत नाही. म्हणून लहान टाइलच्या भिंतीवर सांधा हा तपशील राहत नाही, तो भिंतीचा भागीदार होतो. दोन मिलिमीटरला भिंतीचे सुमारे ३.९ टक्के क्षेत्र ग्राउटचे, तीनला ५.७, पाचला ९.३. टाइल आठ मिलिमीटर जाड असेल तर दोनच्या सांध्याला चौरस मीटरमागे साधारण अर्धा किलो ग्राउट लागते, तीनला पाऊण किलो. बारा मीटरच्या भिंतीला फरक तीन किलोंचा. ग्राउट वाचवण्यासाठी सांधा बारीक करणाऱ्याने वाचवलेली रक्कम एकदा कागदावर मांडून पाहावी.

सांध्याने उंचीही बदलते. यंदा फेब्रुवारीत मामांना एका खानावळीच्या स्वयंपाकघराचे काम मिळाले, त्याच मापाच्या टाइल्सचे. ओट्यापासून वरच्या कडाप्प्याच्या फळीपर्यंत उंची १३८७ मिलिमीटर. मी आदल्या रात्री वहीत मांडले. तळाशी ओट्याला लागून तीन मिलिमीटर फट सोडायची आणि ती सिमेंटच्या ग्राउटने नव्हे, सिलिकोनने भरायची, कारण ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात आणि तो कोपरा नेहमी तडकतो. उरले १३८४. अठरा ओळींच्या टाइल्स १३५०, त्यांच्यातले सतरा सांधे. दीडच्या सांध्याने वर साडेआठ मिलिमीटरची चीर उरते, तिच्यात टाइलही बसत नाही आणि ग्राउटही शोभत नाही. तीनच्या सांध्याने सतरा मिलिमीटर जास्त होतात, म्हणजे वरची सगळी ओळ कापून ५८ ची करायची. दोनच्या सांध्याने बरोबर १३८४.

सकाळी मी वही मामांपुढे धरली. त्यांनी ती पाहिली नाही, माझ्याकडे पाहिले. "काय रे, कॉलेजात हेच शिकवतात काय?" मी म्हणालो, "मामा, आधी टाइल्स मोजून बघू या. फरक जास्त निघाला तर वही फाडून टाकतो." खोके फोडले. फरक निघाला अर्ध्या मिलिमीटरचा. तिप्पट दीड, म्हणजे दोनला जागा होती. मामांनी कॅलिपर हातात घेतला, दोन टाइल्स स्वतः मोजल्या आणि बसवराजला स्पेसर आणायला पाठवले.

ग्राउट फिकट राखाडी, इपॉक्सीचे, खानावळवाल्या काकूंच्या पसंतीचे. टाइल्स चिकटवल्यानंतर एक दिवस थांबून ते भरले. वरची ओळ फळीखाली न कापता बसली तेव्हा मामा काही बोलले नाहीत, फक्त ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला. मजुरी संध्याकाळी पूर्ण मिळाली. कॉफीच्या दुकानाचे सहा हजार अजून यायचे आहेत. त्या भिंतीसमोर लोक उभे राहून फोटो काढतात असे ऐकतो. मामा त्या रस्त्याने जात नाहीत.