स्पर्शफलकाची सुप्त क्षमता

लॅपटॉपच्या कळफलकाखाली असणारा स्पर्शफलक, अर्थात टचपॅड, आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. १९९४ साली अॅपल कंपनीने आपल्या ‘पॉवरबुक ५००’ मालिकेत तो बसविला व पुढे तो सर्वत्र रूढ झाला. कर्सर हलविणे आणि क्लिक करणे एवढेच त्याचे कार्य, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची उपयुक्तता बऱ्याच अंशी ‘ड्रायव्हर’ या आज्ञावलीवर अवलंबून असते.

फलकाच्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक रेषांचे सूक्ष्म जाळे असते. बोट टेकताच तेथील विद्युतधारिता बदलते व त्यावरून बोटाचे स्थान निश्चित होते. संगणकात केवळ सामान्य माऊसचा ड्रायव्हर असल्यास अनेक जुने फलक साध्या माऊसप्रमाणे वागतात. हालचाल आणि बटणे यांपलीकडे काही कळवीत नाहीत. योग्य ड्रायव्हर मिळताच तोच फलक बोटाचे नेमके स्थान, दाब आणि बोटांची संख्याही कळवू लागतो.

याचे बोलके उदाहरण २००५ सालचे आहे. त्या वर्षी अॅपलने नव्या पॉवरबुकमध्ये दोन बोटांनी मजकूर वरखाली सरकविण्याची सोय दिली. त्यानंतर ‘आयस्क्रोल २’ नावाच्या स्वतंत्र ड्रायव्हरमुळे आधीच्या काही यंत्रांतही ती सोय उपलब्ध झाली. फलक जुनाच होता. त्याची क्षमता तेवढी प्रथमच उपयोगात आली.

अशा सुविधांचे मोल दैनंदिन कामात प्रत्ययास येते. टंकलेखन करताना तळहाताचा स्पर्श होऊन कर्सर भलत्याच ठिकाणी जातो व एका रकान्यातील आकडा दुसऱ्या रकान्यात पडतो. टंकलेखन चालू असताना फलक तात्पुरता निष्क्रिय ठेवण्याची सोय हा दोष पुष्कळ अंशी टाळते. बटण दाबणे ज्यांना कष्टाचे होते, त्यांना हलक्या स्पर्शाने क्लिक करता येते. ज्यांचा हात कापतो, त्यांना कर्सरची गती कमी करून घेता येते.

तथापि, फलकाला जे मुळात जाणवतच नाही, ते कोणताही ड्रायव्हर निर्माण करू शकत नाही. शिवाय ड्रायव्हरला यंत्रणेत व्यापक अधिकार असल्याने तो लॅपटॉपच्या उत्पादकाकडून अथवा कार्यप्रणालीच्या अधिकृत मार्गानेच घ्यावा. कार्यालयीन यंत्रावर तो परस्पर बसवू नये. संगणक विभागाची अनुमती घ्यावी. बदलापूर्वी साधा माऊस जोडून ठेवणे श्रेयस्कर, कारण फलक बंद पडला तरी काम अडत नाही. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पूर्वीचा ड्रायव्हर परत आणण्याचीही सोय आहे.

जुना लॅपटॉप गैरसोयीचा ठरवून बाजूला सारण्यापूर्वी त्याच्या टचपॅडची सेटिंग्ज एकवार तपासून पाहावीत. अनेकदा आवश्यक ती सोय यंत्रात आधीपासूनच असते. ती केवळ सुरू करावयाची असते.