विपर्यासदर्शक इंग्रजी शब्द

एखादी वस्तू, माहिती, मत किंवा मोजमाप आपल्या मूळ अथवा योग्य स्वरूपापासून ढळणे वा ढळवले जाणे, या अर्थाने इंग्रजी भाषेत अनेक शब्द रूढ आहेत. बायस, डिस्टॉर्ट, स्क्यू, स्लँट, वॉर्प, ट्विस्ट, गार्बल आणि स्पिन हे त्यांपैकी प्रमुख होत. शब्दकोशांत ते पुष्कळदा एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. तथापि कोणती गोष्ट ढळते, ती एका निश्चित दिशेने ढळते काय आणि त्यामागे कोणाचा हेतू असतो काय, या तीन बाबींत त्यांच्यात भेद आहे. हा भेद न पाळल्यास मोजमापातील साध्या त्रुटीला अप्रामाणिकपणाचा आरोप चिकटतो. उलटपक्षी हेतुपुरस्सर केलेली फिरवाफिरव निष्पाप चूक भासते.

व्युत्पत्ती

यांतील बहुतेक शब्द मुळात भौतिक क्रियांचे वाचक होते व त्यांना लाक्षणिक अर्थ नंतर प्राप्त झाला. 'बायस' हा शब्द तिरपा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. हिरवळीवर खेळल्या जाणाऱ्या बोल्स या खेळातील चेंडू एका बाजूस वळावा अशा बेताने घडवलेला असतो; चेंडूच्या या गुणाला बायस म्हणत. मनाचा एका बाजूस असलेला कल हा अर्थ याच अंगाने विकसित झाला. कापडाच्या ताण्याबाण्याला तिरक्या रेषेत केलेल्या कापणीलाही हाच शब्द आजतागायत वापरला जातो.

'डिस्टॉर्ट' हा शब्द पिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून बनला आहे. यातना या अर्थाचा 'टॉर्चर' आणि पदार्थविज्ञानातील 'टॉर्क' हे शब्द त्याच धातूचे होत. 'वॉर्प' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ फेकणे असा होता. पुढे तो ओलाव्याने किंवा उष्णतेने वाकड्या होणाऱ्या लाकडासाठी रूढ झाला.

'गार्बल' या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. चाळणे या अर्थाच्या अरबी शब्दापासून तो भूमध्य सागरी व्यापारामार्फत इंग्रजीत आला. मसाल्याच्या पदार्थांतील कचरा चाळून काढणे, हा त्याचा आरंभीचा अर्थ होता. नंतर एखाद्या लेखनातील सोयीचा तेवढाच भाग निवडून दिशाभूल करणे, असा अर्थ त्याला आला. हल्ली हेतू असो वा नसो, मजकुराचा किंवा बोलण्याचा गोंधळ होणे या अर्थी तो प्रामुख्याने योजला जातो.

अर्थच्छटा

'बायस' या शब्दात एका निश्चित दिशेचा कल अभिप्रेत असतो, परंतु हेतू असावाच लागतो असे नाही. बायस असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या कलाची जाणीव नसणे शक्य आहे. 'डिस्टॉर्ट' मध्ये मूळ आकाराशी तुलना गृहीत असते. प्रतिमा, ध्वनी, चेहरा, वस्तुस्थिती या सर्वांबाबत हे क्रियापद वापरता येते. 'वॉर्प' मध्ये हळूहळू व बहुधा कायमचा आलेला वाकडेपणा सूचित होतो, म्हणून तो स्वभाव किंवा न्यायबुद्धी यांविषयी योजतात.

'स्लँट', 'ट्विस्ट' आणि 'स्पिन' हे शब्द कर्त्याच्या हेतूकडे अधिक निर्देश करतात. 'स्लँट' म्हणजे विशिष्ट दृष्टिकोनातून केलेली मांडणी. तीत प्रत्येक विधान खरे असूनही निवड व भर यांमुळे चित्र एकांगी होऊ शकते. 'ट्विस्ट' म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवणे. घटनेचा सोयीस्कर अर्थ लोकांच्या गळी उतरवणे या राजकीय अर्थाने 'स्पिन' अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. 'स्पिन डॉक्टर' हा शब्दप्रयोग तेथील 1984 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात प्रचारात आला.

शास्त्रीय उपयोग

शास्त्रीय परिभाषेत यांतील काही शब्द निंदाव्यंजक नाहीत. संख्याशास्त्रात 'स्क्यू' हे केवळ वितरणाच्या आकाराचे वर्णन आहे. उदाहरणार्थ, दहा जणांपैकी नऊ जणांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी 20,000 रुपये आणि दहाव्याचे 5,00,000 रुपये असेल, तर सरासरी 68,000 रुपये येते, परंतु मध्यगा 20,000 रुपयेच राहते. अशा वितरणाला उजवीकडे स्क्यू असलेले म्हणतात. येथे दिशा लांबलेल्या शेपटीवरून ठरते, जास्त संख्या जिथे एकवटली आहे त्या बाजूवरून नव्हे. आकडे अचूक आहेत. सरासरी हा एकच आकडा पुढे करणाऱ्याचे निवेदन मात्र दिशाभूल करणारे ठरू शकते.

संख्याशास्त्रातील 'बायस' म्हणजे अंदाज सातत्याने एकाच बाजूस चुकवणारी त्रुटी. नमुन्याचा आकार वाढवून ती दूर होत नाही. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने 1936 साली सुमारे एक कोटी लोकांकडे मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून आल्फ लँडन विजयी होतील असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. नावे मुख्यतः दूरध्वनी व मोटारधारकांच्या याद्यांतून घेतल्याने तुलनेने सधन वर्गाला नमुन्यात अवास्तव स्थान मिळाले होते. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता. येथे कोणी आकडे बदलले नव्हते, तरीही निष्कर्ष चुकला.

नकाशाशास्त्रातील 'डिस्टॉर्शन' अटळ असते, कारण गोलाकार पृष्ठभाग सपाट कागदावर जसाच्या तसा उतरवता येत नाही. गेरार्डस मर्केटर यांच्या 1569 च्या प्रक्षेपणात कोन राखले जातात, त्यामुळे ते नौकानयनास उपयुक्त ठरले. मात्र क्षेत्रफळे बिघडतात. आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठा असूनही या नकाशावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात.

व्याकरण व सामान्य चुका

'बायस' हे नाम व क्रियापद आहे; त्याचे विशेषण 'बायस्ड' होते. शेवटचा डकार उच्चारात स्पष्ट ऐकू येत नसल्याने 'ही इज बायस' असे अशुद्ध वाक्य पुष्कळदा लिहिले जाते. 'बायस्ड' नंतर विरोध दाखवण्यासाठी 'अगेन्स्ट', तर कल दाखवण्यासाठी 'टुवर्ड्स' किंवा 'इन फेवर ऑफ' येते. 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांतही गल्लत होते. पारंपरिक वापरानुसार पहिल्याचा अर्थ हितसंबंध नसलेला, तर दुसऱ्याचा रस नसलेला असा आहे. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा.

मराठी प्रतिशब्द

या शब्दांना मराठीत एकच सर्वसमावेशक प्रतिशब्द नाही. 'बायस' साठी संदर्भानुसार कल, पूर्वग्रह किंवा पक्षपात हे शब्द वापरता येतात. यांपैकी पक्षपात या शब्दात दोषारोप असल्याने तो मोजमापाच्या त्रुटीस लावणे उचित नाही. विधानाच्या 'डिस्टॉर्शन' ला विपर्यास, तर आकाराच्या 'डिस्टॉर्शन' ला विरूपण हा शब्द योग्य ठरतो. मजकुरात हेतुपुरस्सर फेरफार करण्यासाठी मराठीत 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आहे. नारायणराव पेशवे यांच्या 1773 मधील हत्येपूर्वी पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' करण्यात आले, या आनंदीबाईंशी जोडल्या जाणाऱ्या आख्यायिकेवरून तो रूढ झाला. कर्त्याचा हेतू सिद्ध झालेला नसताना 'बायस' किंवा 'स्क्यू' यांच्या भाषांतरात हा वाक्प्रचार योजल्यास मूळ विधानाचाच विपर्यास होतो.