समासात लिहिलेला इतिहास : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण कैरोच्या बेन एझ्रा सिनगॉगमधल्या गनिझात होतो. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून शतकानुशतकं साठत गेलेल्या चिठ्ठ्याचपाट्यांत. तिथला प्रत्येक तुकडा एकुलता एक होता. आज मुक्काम व्हेनिसला आहे आणि इथलं सगळं छापील आहे. एका फर्म्यातून निघालेल्या प्रती सारख्याच, मग त्यात बघायचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण छापल्यानंतर त्या प्रती वेगवेगळ्या घरांत जातात, आणि तिथून पुढे दोन प्रतींचं नशीब सारखं नसतं.

आधी तालमूदचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रचर्चेच्या ग्रंथाचं, पान डोळ्यांसमोर आणू या. मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ मजकूर : इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना आणि तिच्यावर बॅबिलोनियातल्या पंडितांनी पुढची तीनेक शतकं घातलेला वाद, म्हणजे गमारा. बांधणीच्या बाजूला राशीची टीका. राशी हे फ्रान्समधल्या त्र्वा गावचे भाष्यकार, मृत्यू ११०५. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीच्या शिष्यपरंपरेने राशीवरच काढलेल्या शंका. आपल्याकडच्या त्रिपाठ पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही मूळ मधे आणि टीका वर-खाली असते. इथे टीका तिन्ही-चारी अंगांनी मुळाला वेढून बसते आणि पानागणिक तिची जागा कमीजास्त होते. शिशाचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळात असं एकेक पान बसवणं म्हणजे काय कसरत असेल, ते कुठल्याही जुन्या जुळाऱ्याला विचारावं.

ही मांडणी बहुतेक लोक डॅनिएल बॉम्बर्गच्या नावावर टाकतात. ती अगदी त्याची नव्हे. इटलीतल्या सोन्चिनो गावच्या ज्यू मुद्रक घराण्याने १४८३-८४ सालीच तालमूदचा एक खंड दोन्ही टीकांसह असा छापला होता. बॉम्बर्गने केलं ते असं की संपूर्ण बॅबिलोनियन तालमूद पहिल्यांदा छापून काढला (१५१९-२० ते १५२३) आणि पानांना जे क्रमांक दिले, ते आजतागायत बदललेले नाहीत. बॉम्बर्ग अँटवर्पहून आलेला ख्रिस्ती व्यापारी. छापायला परवानगी पोप दहावा लिओ याची. व्हेनिसमध्ये ज्यूंना स्वतःच्या नावावर छापखाना काढता येत नसे, आणि १५१६पासून त्यांना घेट्टोत राहायची सक्ती होती. म्हणजे मालक ख्रिस्ती, परवाना पोपचा, आणि मुद्रितं तपासायला हिब्रू जाणणारे पंडित. ज्यू परंपरेचा सगळ्यात ओळखीचा चेहरा या तिघांच्या व्यवहारातून घडला, ही गोष्ट मला त्यातल्या धर्मचर्चेइतकीच रंजक वाटते.

पानांकनाचा मामला आपल्या पोथीसारखाच आहे. क्रमांक पृष्ठाला नाही, पत्राला. पत्राला ‘दाफ’ म्हणतात आणि त्याच्या दोन बाजू अ आणि ब. प्रत्येक खंड दुसऱ्या पत्रापासून सुरू होतो, कारण पहिलं पत्र मुखपृष्ठाने खाल्लेलं असतं. १९२३ साली रब्बी मेइर शापिरो यांनी ‘दाफ योमी’ची प्रथा सुरू केली : जगभरच्या वाचकांनी रोज एकच, तेच पत्र वाचायचं. पत्रं २,७११, म्हणजे एक पारायण पुरं व्हायला साधारण साडेसात वर्षं. न्यूयॉर्कमधला आणि जेरुसलेममधला वाचक एकाच दिवशी एकाच पानावर येतात, ते बॉम्बर्गच्या क्रमांकांमुळे.

जाता जाता एक. राशीची टीका ज्या वळणदार अक्षरांत छापतात, त्यांना ‘राशी लिपी’ म्हणतात. राशीने ती कधी लिहिली नाही. ती स्पेनकडच्या ज्यूंच्या हस्ताक्षराची धाटणी. तारीख दिलेलं पहिलं छापील हिब्रू पुस्तक, म्हणजे १४७५ साली इटलीच्या रेज्जो दि कालाब्रियात निघालेली राशीची तोरावरची (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांवरची) टीका, या अक्षरांत होतं. पुढे मूळ आणि टीका वेगळी ओळखायला ही अक्षरं सोयीची ठरली आणि नाव चिकटलं.

आता नशिबाकडे येऊ. १५५०च्या सुमारास व्हेनिसच्या जुस्तिनियानी आणि ब्रागादिन या दोन ख्रिस्ती मुद्रकांत मायमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या धर्मशास्त्राच्या आवृत्तीवरून भांडण जुंपलं. धंद्यातली चुरस. पण दोघांची माणसं रोमला तक्रारी घेऊन गेली आणि एकमेकांच्या पुस्तकांत ख्रिस्ती धर्माची निंदा कशी आहे, ते सांगू लागली. परिणाम त्यांच्या हाताबाहेर गेला. ९ सप्टेंबर १५५३ला, ज्यू नववर्षाच्या दिवशी, रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात तालमूदच्या प्रती जाळल्या. ऑक्टोबरात व्हेनिसमध्ये तेच झालं.

ज्या हिब्रू पुस्तकांना जगू दिलं, त्यांना तपासनिसाच्या हाताखालून जावं लागलं. हे तपासनीस बहुधा धर्मांतरित ज्यू असत, कारण हिब्रू वाचणारा दुसरा मिळणार कुठून? दोमेनिको जेरोसोलिमितानो हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. आक्षेपार्ह ओळीवर शाई फासायची, शेवटच्या पानावर सही आणि साल. त्या सह्या आज अभ्यासकांना सोन्यासारख्या, कारण अमुक प्रत अमुक साली इटलीत होती, एवढं त्या पुराव्यासह सांगतात. शाईची गंमत तर वेगळीच. अनेक पानांवर तपासनिसाची शाई काळाने फिकी पडली आणि खालचे छापील शब्द पुन्हा वाचता येतात. काही ठिकाणी मात्र याच शाईने कागद खाल्ला आणि तिथे नुसती भोकं उरली. बाझल शहरात १५७८ ते १५८१मध्ये तालमूद पुन्हा छापला, तेव्हा ‘अवोदा झारा’ हा मूर्तिपूजेवरचा खंड सरळ वगळला.

म्हणून ज्यू ग्रंथाचा अभ्यासक आधी मजकूर वाचत नाही, कडा वाचतो. मुखपृष्ठावर ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ ठळक दिसलं की तो लगेच विश्वास ठेवत नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या छपाईला इतका भाव होता की दुसऱ्या गावचे मुद्रक ते नाव मोठ्या टायपात छापत आणि आजूबाजूला बारीक अक्षरांत ‘च्या अक्षरांसारख्या अक्षरांत’ अशा अर्थाचे शब्द घालत. साल पाहावं, तर ते आकड्यांत नसतं. बायबलमधलं एखादं वचन देऊन त्यातली काही अक्षरं मोठी करतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असतं, त्यांची बेरीज म्हणजे साल. भूतसंख्येत शक सांगणाऱ्या आपल्या पोथीलेखकांचेच हे भाऊबंद. शिवाय ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून महिना ठाऊक नसेल तर इसवी सन जोडीने लिहावा लागतो. वर १५१९-२० लिहिलं, ते त्यामुळे. मग कोऱ्या पानांवरच्या नोंदी : मुलांचे जन्म, किमती, कुणाकडून कुणाकडे गेलं. आपल्या घरांत पंचांगाच्या कडेला लिहितात, तशाच.

बॉम्बर्ग तालमूदच्या एका संचाची गोष्ट सांगतो. लंडनचे संग्राहक जॅक लन्झर यांनी १९५६ साली तो एका प्रदर्शनात पाहिला. मालक निघालं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, ख्रिस्ती देवस्थान. लन्झर वीसेक वर्षं मागे लागले. १९८० साली अ‍ॅबीच्या स्वतःच्या सनदेची सुमारे नऊशे वर्षं जुनी प्रत मिळवून त्यांनी ती पुढे केली आणि अदलाबदल झाली. डिसेंबर २०१५मध्ये लिलावात त्या संचाला ९३ लाख डॉलर आले. शतकानुशतकं अ‍ॅबीत पडून राहिल्यामुळे तो सुरेख अवस्थेत होता. जास्त वाचला गेला असता, तर एवढी किंमत आली नसती. मला हा सौदा थोडा बोचतो.

हा अभ्यास करायचा कुणी आणि कुठे, असं काही वाचक विचारतात. घरबसल्या सुरुवात करायला इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘क्तिव’ हा हिब्रू हस्तलिखितांचा डिजिटल संग्रह खुला आहे. कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेला ‘फुटप्रिंट्स’ प्रकल्प मालकांच्या सह्या, तपासनिसांच्या नोंदी आणि विक्रीच्या याद्या गोळा करून एकेका प्रतीचा प्रवास नोंदवतो. प्रत्यक्ष पुस्तकं हाताळायची, तर ऑक्सफर्डचं बॉडलियन, केंब्रिजचा गनिझा विभाग, अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातला रोझेन्थालियाना संग्रह. व्हर्जिनिया विद्यापीठातलं रेअर बुक स्कूल जुन्या ग्रंथांच्या अंगरचनेचे आठवडाभराचे वर्ग घेतं.

पण मराठी वाचकाने एवढ्या लांबून सुरुवात करायला हवी असं नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने आपला धर्म मराठीत छापला. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ मुंबईत १८४६ साली हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४मध्ये पुण्यात आणखी एक निघाला, त्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. शिळाछापाला हिब्रू खिळ्यांचा साठा लागत नाही, हात चांगला असला की झालं. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं झाली, तीही छापली गेली.

ही पुस्तकं नीट पारखायला हिब्रू हवं, तसंच एकोणिसाव्या शतकातलं मराठीही. हिब्रू जाणणारे पंडित जगात पुष्कळ आहेत, पण भाषांतरकाराने अमुक जागी ‘सण’ का म्हटलं आणि ‘उत्सव’ का नाही, हे त्यांना कोण सांगणार? ते सांगायला मराठी माणूसच लागतो, आणि त्याने हिब्रूची बावीस अक्षरं शिकून घेतली तर दोन्ही बाजू त्याच्या हाती येतात. अलिबाग, पनवेल, पेण इथल्या किंवा तिथून मुंबईला आलेल्या कुटुंबांतलं असं पुस्तक समोर आलं, तर ते डावीकडून उघडतं की उजवीकडून, हे आधी पाहावं. मग शेवटच्या कोऱ्या पानावर कुणाचा जन्म कुठल्या लिपीत नोंदवलाय, ते.