पूडलचे केस गळतात तेव्हा…

कुरळ्या केसांचा पूडल घरात सगळ्यांचाच लाडका असतो. शिवाय याचे केस सोफ्यावर, गादीवर फारसे सांडत नाहीत, म्हणून गृहिणीही खूश. इतर अनेक कुत्र्यांचे केस ऋतूनुसार झडतात. पूडलचे केस मात्र आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. म्हणूनच त्याच्या अंगावर टक्कल दिसू लागलं, तर ‘ऋतू बदलला असेल’ म्हणून स्वस्थ बसू नका.

ओलाव्यापासून जपा

म्हैसूरची हवा सुखद. पण तिथे मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाच्या सरी येतच राहतात. पूडलचे दाट केस वरून कोरडे वाटले, तरी मुळाशी ओले राहतात. तिथे बुरशी, जिवाणू वाढतात, गोचिडी आणि पिसवा लपतात. फिरून आल्यावर टॉवेलने त्याला मुळापर्यंत कोरडं करा आणि रोज विंचरा.

खाज आहे का?

कुत्रा सतत खाजवत असेल तर पिसवा, खरूज, बुरशी किंवा अॅलर्जीची शक्यता अधिक. खाज नसताना दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होत असतील, तर दोष बहुधा हार्मोन्सचा असतो. वजन वाढणं, सुस्ती ही थायरॉइड कमी झाल्याची खूण. खूप तहान, वारंवार लघवी आणि सुटलेलं पोट ही कुशिंग रोगाची लक्षणं. मोठ्या आकाराच्या पूडलमध्ये त्वचेतल्या तेलग्रंथी नष्ट करणारा एक रोगही आढळतो. त्यात केसांच्या मुळाशी चंदेरी कोंडा चिकटतो. त्वचेचा बारीक तुकडा तपासल्यावरच त्याचं निदान होतं. तो पूर्ण बरा होत नाही; पण तेल, शाम्पू आणि औषधांनी आटोक्यात राहतो. तो आनुवंशिक मानला जातो, म्हणून अशा कुत्र्याची पिल्लं घेऊ नयेत.

घरगुती प्रयोग नकोत

रॉकेल, फिनेल किंवा स्वतःसाठी आणलेलं मलम लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होऊ शकते. पशुवैद्याकडून त्वचेची आणि गरज पडल्यास रक्ताची तपासणी करून घ्या.

केस गेले म्हणून त्याला गेटबाहेर बांधू नका. हार्मोन्सचे आणि तेलग्रंथींचे विकार कुत्र्याकडून माणसांना लागत नाहीत. गजकर्ण आणि एका प्रकारची खरूज मात्र पसरू शकते. म्हणून निदान होईपर्यंत मुलांना त्याच्याजवळ झोपू देऊ नका, हात धुवायला लावा. त्याला दूर लोटण्यापेक्षा एवढी काळजी पुरेशी आहे.