संगणकाच्या पडद्यावरील परवानगीची चौकट

शाळेची माहिती संगणकावर भरीत असताना पडद्यावर मध्येच एखादी चौकट उभी राहते व कसलीशी परवानगी मागते. काम खोळंबलेले असते. साहजिकच मजकूर न वाचता 'होय' दाबण्याकडे कल होतो. पण त्याच संगणकात विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक साठविलेले असतात. चौकट खरी की खोटी, हे तिच्या शब्दांवरून ओळखणे कठीण. शब्द कोणासही लिहिता येतात. ती पडद्यावर कोणत्या जागी उमटली, हे मात्र पुष्कळ काही सांगून जाते.

इंटरनेटवरील पाने ज्यातून पाहावयाची, त्या ब्राउझरच्या खिडकीचे दोन भाग असतात. वरच्या पट्टीत पानाचा पत्ता असतो; ती पट्टी ब्राउझरच्या ताब्यात असते. खालची जागा सर्वस्वी पान तयार करणाराची. तेथे तो वाटेल ते चित्र रंगवू शकतो, खऱ्या चौकटीची हुबेहूब नक्कलसुद्धा! फळ्यावर घड्याळ कितीही बेमालूम काढले तरी ते उचलून भिंतीवर टांगता येत नाही; तद्वतच हे चित्र पानाच्या हद्दीबाहेर जाऊ शकत नाही. 'आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे' असे ओरडणारी तांबडी चौकट बहुधा याच जातीची असते. ब्राउझरची खिडकी लहान करून ती बाहेर ओढून पाहावी. कडेशी अडली, तर ते पानावरील चित्रच समजावे. कॅमेरा, मायक्रोफोन वा स्थळ यांविषयी ब्राउझर स्वतः विचारतो तेव्हा क्रोम व फायरफॉक्समध्ये चौकट वर, पत्त्याच्या पट्टीला टेकून दिसते. पानाने सबंध पडदा व्यापला असता ही पट्टीच दृष्टीआड होते. अशा वेळी प्रथम एस्केप कळ दाबावी.

संगणकातच बदल करावयाचा असला, म्हणजे नवा प्रोग्राम बसवावयाचा असला, तर परवानगी विंडोज मागते. 2007 साली विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशा वेळी सबंध पडदा अंधुक होतो. ही केवळ शोभा नव्हे. मागे दिसतो तो त्या क्षणी टिपलेला पडद्याचा छायाप्रकाश. चौकट उघडते ती निराळ्या, संरक्षित पडद्यावर, जेथे इतर प्रोग्रामांना तिचे बटण परस्पर दाबता येत नाही. पडदा अंधुक न करण्याची सवलत 2009 च्या विंडोज 7 पासून सेटिंगमध्ये मिळू लागली. शाळेच्या सामाईक संगणकावर ती न घेणेच बरे. क्वचित ही चौकट समोर न येता खालच्या पट्टीवर ढालीचे चिन्ह लुकलुकत राहते, आणि काम का अडले हे कोणास उमगत नाही.

जागा खरी असली तरी मागणी रास्त असतेच असे नाही. 'आपण यंत्र नसून मनुष्य आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे लिहून काही पाने वरच्या खऱ्या चौकटीकडे बाण दाखवितात. ती चौकट वस्तुतः सूचना पाठविण्याची परवानगी मागत असते. ती दिली की पुढे ब्राउझरच्या बाहेर, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, भीतिदायक सूचना येऊ लागतात व त्या विंडोजच्याच वाटतात. अशा सूचनेत पाठविणाऱ्या पानाचा पत्ता दिलेला असतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' या सदराखाली तोच पत्ता शोधून परवानगी काढून घ्यावी, म्हणजे त्या थांबतात.