नोकरीतील भेदभाव

नोकरीतील भेदभाव : नोकरी देताना, वेतन ठरविताना, बढती देताना किंवा सेवा समाप्त करताना कामाची पात्रता सोडून जात, धर्म, लिंग, विवाह यांसारख्या बाबींवरून माणसामाणसांत केलेला फरक म्हणजे नोकरीतील भेदभाव होय. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हेही त्याचेच एक रूप मानले जाते. असा भेदभाव उघडपणे क्वचितच बोलून दाखविला जातो; बहुधा तो कामाच्या सोयीचे कारण पुढे करून येतो. ते कारण कितपत खरे आहे हे तपासणे, हा या विषयावरील कायद्यांचा गाभा आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे व त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. या खात्यात वेतन चांगले मिळत असल्याने ही बंदी सामाजिक तशीच आर्थिकही होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी त्यांनी मुंबई विधिपरिषदेत प्रसूतिलाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला व १९२९ मध्ये त्यासंबंधीचा प्रांतिक कायदा झाला.

संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत समान संधीची हमी दिली. खाजगी नोकरीसाठी मात्र स्वतंत्र कायदे करावे लागले. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान मोबदला देण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९५१ चा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला व १९७६ मध्ये समान वेतन अधिनियम संमत झाला. त्यातील तत्त्व आता वेतन संहिता, २०१९ मध्ये समाविष्ट आहे. गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटावर मेहेरनजर करणे, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाने अनुचित कामगार प्रथा ठरविली.

सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले मुंबईतील तीन खटले या बाबतीत महत्त्वाचे ठरले. अविवाहित स्त्री कामगाराने लग्न केल्यास तिची नोकरी संपविणारा एका औषध कंपनीचा नियम न्यायालयाने १९६५ मध्ये अमान्य केला. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, हे कंपनीचे कारण त्याला पटले नाही. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गर्भारपणी सेवेतून कमी करण्याचा नियम रद्द झाला. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करण्यावरील बंदी मात्र तशीच राहिली. मॅकिनन मॅकेंझी कंपनीतील स्त्री लघुलेखिकांना पुरुषांहून कमी वेतन मिळे. संघटनेशी झालेला करार वा कंपनीची आर्थिक अडचण हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, असा निर्णय १९८७ मध्ये देण्यात आला.

लैंगिक छळाविषयी १९९७ च्या विशाखा निर्णयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व २०१३ मध्ये कायदा झाला. त्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती नेमावी लागते. तिची अध्यक्ष स्त्री असते व निम्म्याहून कमी स्त्रिया सदस्य असून चालत नाही. रोजंदारीवरील, कंत्राटी व शिकाऊ स्त्रियांनाही तक्रारीचा अधिकार आहे. मालकाने पुरविलेले वाहनही कामाचे ठिकाण समजले जाते.

लहान उद्योगांचा प्रश्न वेगळा आहे. वसई पूर्वेस एव्हरशाईन सिटीसारख्या निवासी वसाहतींप्रमाणेच वालीव, गोखिवरे, सातिवली येथे छोट्या कारखान्यांचे गाळेही आहेत. ज्या गाळ्यात दहापेक्षा कमी माणसे काम करतात, तेथे अंतर्गत समिती नसते. शिवाय तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असू शकते. अशा दोन्ही प्रसंगी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर हा वसईचा जिल्हा होय. स्त्रीला जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत जावे लागू नये म्हणून शहरी भागात प्रभाग वा नगरपालिका स्तरावर समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. पुरेसे कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लिहिता येत नसेल, तर ती लिहून घेण्यास साहाय्य करणे समितीचे कर्तव्य आहे. लहान गाळ्यात तक्रार करणारी व्यक्ती सर्वांच्या ओळखीची असते व पर्यायी काम तिला सहज मिळत नाही. म्हणून हा अधिकारी कोण व कोठे बसतो याची माहिती कामगारांपर्यंत पोहोचणे, यावरच या कायद्याची परिणामकारकता अवलंबून आहे.