चित्रपटगृहे गेली, प्रेक्षक कोठे गेला?

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला आलेला माणूस आपली स्कूटर ‘आर्यन’ला लावतो. आर्यन म्हणजे वाहनतळ, एवढेच आजच्या तरुणाला ठाऊक असते. गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली तेथे चित्रपटगृह सुरू केले होते, पुण्यातले पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह म्हणून ते ओळखले जाई आणि १९८३ पर्यंत ते चालू होते, हे सांगायला आता घरातले वडीलधारे माणूसच लागते. वास्तू गेली, खेळ थांबले. लोकांच्या तोंडचे नाव मात्र गेले नाही.

मुंबईत गिरगावची कथा याहून फारशी निराळी नाही. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ मॅजेस्टिकच्या पडद्यावर झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. कॉरोनेशन केव्हाच काळाच्या उदरात गडप झाले. मॅजेस्टिकच्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. देशातला पहिला बोलपट आणि तो जेथे प्रथम ऐकला गेला ती वास्तू, दोन्ही आपण गमावली. लॅमिंग्टन रस्त्यावरच्या मिनर्व्हामध्ये १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेला ‘शोले’ पाच वर्षे तेथे मुक्काम ठोकून होता. ते मिनर्व्हाही पाडले गेले. दादरच्या चित्राचा पडदा मे २०१९ मध्ये मिटला.

अशी यादी प्रत्येक गावाला करता येईल आणि ती वाचून प्रत्येक गाव हळहळेल. परंतु ही हळहळ नेमकी कशाची, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. ती केवळ विटामातीची असेल, तर तिचे मोल फार नाही. नक्षीदार छत, मखमली पडदा आणि जिन्यावरचे आरसे यांची छायाचित्रे जपून ठेवता येतात. जे छायाचित्रात सापडत नाही ते अधिक मोलाचे होते.

एकाच छपराखाली साऱ्या गावाला बसवणारी वास्तू त्या काळी एकच होती. पिटात हमाल आणि गिरणी कामगार बसत, त्यांच्या मागे कारकून आणि शिक्षक, वर बाल्कनीत डॉक्टर, वकील आणि व्यापारी. दर वेगळे, दारेही कधी वेगळी. पण दिवे मालवले की हसू आणि हुंदका यांना वर्ग उरत नसे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगाराचे पाकीट घरी आले की चौघांच्या कुटुंबाला सिनेमा दाखवणे हे कारकुनाला परवडत असे. त्यासाठी कोणते तरी मोठे काम अडवून ठेवावे लागत नव्हते. मध्यंतरात एक वडा आणि लिंबू सोडा दोघा भावंडांत वाटून घेतला, तरी दिवस साजरा होई.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर सकाळचे आणि मॅटिनीचे खेळ ही एक शाळाच होती. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी, आणि आल्यावरही बरीच वर्षे, जुना चित्रपट पाहण्याचा दुसरा मार्ग सामान्य माणसापाशी नव्हता. वडिलांनी तरुणपणी पाहिलेला चित्रपट मुलगा कमी दराच्या मॅटिनीला पाही आणि रात्री जेवताना दोघांचे त्यावर मतभेद होत. जुने चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि दोन पिढ्यांना एकच चित्रपट मोठ्या पडद्यावर, खिशातल्या सुट्या पैशांत पाहता यावा, ही सोय त्या मॅटिनीबरोबरच गेली.

याचा अर्थ तो काळ निर्दोष होता असा मुळीच नव्हे. आठवणींना साखर लावून खाण्याची सवय वाईट. खुर्च्यांत ढेकूण असत, पंखे बंद असत, स्वच्छतागृहाचे नाव काढू नये अशी स्थिती असे. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागताच दाराबाहेर काळाबाजार सुरू होई. एकट्या स्त्रीला सिनेमाला जाणे अवघड होते. मराठी चित्रपटालाही त्या सुवर्णकाळात सन्मानाने आसन मिळत होते असे नाही. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमध्ये चालू राहावा म्हणून १९७१ साली आंदोलन उभे करावे लागले होते. आज त्या कोहिनूरच्या जागी मॉल आहे, तेव्हा आंदोलन करायलाही दार उरलेले नाही.

मग ही चित्रपटगृहे गेली कशाने? प्रेक्षकाने पाठ फिरवली, हे सोपे उत्तर अपुरे आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, १९८२ मध्ये पडदा रंगीत झाला, मागोमाग व्हिडिओ आला. या प्रत्येक पावलाने तिकीट खिडकीसमोरची रांग थोडी थोडी आखूड केली. त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातला नेमाने सिनेमाला जाणारा प्रेक्षकच उखडला गेला. करमणूक कराचा बोजा होताच. पुढे बहुपडदा चित्रपटगृहांना या करात शासनाने काही वर्षांची सवलत दिली, तेव्हा एकपडदा चित्रपटगृहांच्या चालकांना आपल्याला सावत्र वागणूक मिळत असल्याचे वाटले, आणि ते अगदीच गैर नव्हते.

या सर्वांवर कडी केली ती जमिनीच्या भावाने. भर वस्तीतील भूखंडावर रोज चार खेळ करून जे मिळणार, त्याच्या कितीतरी पट तेथे दुकाने बांधून मिळते. शिवाय अनेक ठिकाणी धंदा एकाचा आणि जागा दुसऱ्याची असे. अप्पा बळवंत चौकातील प्रभात हे त्याचे ठळक उदाहरण. १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ने त्याचा पडदा उघडला आणि पुणेकरांच्या मनात ते मराठी चित्रपटाचे माहेर ठरले. २०१४ च्या डिसेंबरात भाडेपट्ट्याची मुदत संपली, जागा मूळ मालकांकडे गेली आणि प्रभात हे नाव खाली उतरले. त्या शेवटच्या दिवसांत तेथे जमलेल्या लोकांचे प्रेम खरे होते, परंतु भाडेपट्ट्याचा कागद प्रेमावर चालत नाही.

बहुपडदा चित्रपटगृहांनी स्वच्छता, गारवा आणि सुरक्षितता आणली, याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवे. परंतु तिकीट, खाद्यपदार्थ आणि जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज केली, तर चौघांचा एक सिनेमा हा आज अनेक घरांत विचार करून घेण्याचा निर्णय झाला आहे. रोजंदारीवरचा माणूस तर त्या काचेच्या दारातून आत शिरायलाच बिचकतो. पिट गेला तसा पिटातला प्रेक्षकही गेला. तो आता हातातल्या भ्रमणध्वनीवर, एकटाच, तुकड्यातुकड्यांनी चित्रपट पाहतो. त्याच्यासाठी चित्रपट काढणारेही हळूहळू कमी होतात, हा त्याचा अटळ परिणाम. मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली शासनाला लक्ष घालावे लागले, त्याचे मूळही येथेच आहे.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये दार पुन्हा उघडले. मनात आणले तर वास्तू वाचवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु वाचलेली वास्तू आणि वाचलेली स्वस्त खुर्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नगरपालिकांनी करदात्यांच्या पैशातून बांधलेली नाट्यगृहे कितीतरी दिवस रिकामी असतात. आठवड्यातून दोन सकाळी तेथे माफक दरात चित्रपट दाखवायला फार मोठी योजना लागत नाही. जुन्या चित्रपटगृहाच्या भूखंडावर नवे बांधकाम होताना तेथे लहानसे का होईना चित्रपटगृह ठेवण्याचा जो दंडक मुंबईत घालण्यात आला, तो सैल करण्याऐवजी तेथील काही आसनांचे दर सामान्यांच्या आवाक्यात ठेवण्याची जोड त्याला देता येईल. शाळांनी आणि महाविद्यालयांनी चित्रपट मंडळे चालवली, तर मॅटिनीची ती हरवलेली शाळा अंशतः तरी पुन्हा भरेल.

गेलेली चित्रपटगृहे परत येणार नाहीत, आणि सगळीच यावीत असा आग्रहही धरण्याचे कारण नाही. परंतु कारकुनाला, शिक्षकाला आणि हमालाला एकाच अंधारात एकाच वेळी हसता यावे, एवढी एक खोली प्रत्येक गावात असावी, ही मागणी अवास्तव नाही. ती आपण करणार नसू, तर मंडईतल्या वाहनतळाची पावती फाडून घेताना ‘आर्यन’ हे नाव उच्चारण्याचा आपल्याला कितीसा अधिकार उरतो?